ट्रायथलॉन रिले: पाण्यात कोणाला उतरवू, उन्हात कोणाला पळवू? (नागपूर)

संत्राबर्फी४३
नमस्कार मंडळी. सेमिनरी हिल्सवर सकाळी पळणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांचा आमचा छोटासा क्लब आहे. कोच वगैरे कोणी नाही. रविवारची राइड झाली की तर्री-पोहे, एवढीच काय ती शिस्त. यंदा कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला आणि आम्ही तिघांनी गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला रिलेत नाव टाकलं. एकाने समुद्रात १.९ किमी पोहायचं, दुसऱ्याने ९० किमी सायकल मारायची, तिसऱ्याने २१.१ किमी पळायचं.

टीम अशी. मी, वय ४३, आठवड्यातून तीनदा पूलमध्ये पोहते, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात (२:२५ च्या आसपास). ऑफिसमधला सहकारी, वय ३४, पक्का सायकलवाला, त्याच्याबद्दल वाद नाही. तिसरे आमचे काका, वय ६१, बँकेतून रिटायर्ड. रोज दहा किमी पळतात आणि ‘मी पळणार, बाकीचं तुम्ही पाहा’ म्हणतात. म्हणजे पोहणं माझ्या गळ्यात. पूलमध्ये हे अंतर मला ५० मिनिटं लागतं, कटऑफ (त्याहून उशीर झाला की बाद) १ तास १० मिनिटं, म्हणजे कागदावर ठीक. पण समुद्रात मी आजवर गुडघ्याच्या पुढे गेलेली नाही.

उघड्या पाण्याचा सराव नागपुरात कुठे करता? वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी सूट) घ्यावा का? सायकल कशी न्यावी? आणि रिले केलेलं कोणी असेल तर जरा अनुभव सांगा.

तर्रीपोहे_डबल
अंबाझरी आहे ना ताई, घरचंच तळं 😀

जुना_पोहणारा
वरचा सल्ला गमतीतही घेऊ नका. अंबाझरी असो की फुटाळा, बुडाल्याच्या बातम्या येत असतात. खाली गाळ, वनस्पती, वाचवायला कोणी नाही. पूलमध्येच समुद्राची तयारी होते, फक्त पोहायची पद्धत बदलावी लागते. २५ मीटरच्या पूलमध्ये १.९ किमी म्हणजे ७६ फेऱ्या. आपण काय करतो, दर फेरीला भिंत धरतो, लाथ मारून पाच मीटर फुकट जातो आणि एक श्वास जास्तीचा घेतो. समुद्रात भिंत नाही. म्हणून भिंतीच्या अलीकडेच वळा, हात लावू नका. तुमची ५० मिनिटं लगेच ५५ होतील. तीच तुमची खरी वेळ.

दुसरं, पूलच्या तळाशी काळी पट्टी असते, समुद्रात हिरवट अंधार. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्यावर काढून बॉय (तरंगता फुगा) बघायची सवय लावा. नाहीतर वाकडं पोहत १.९ चे सव्वादोन होतात. एका लेनमध्ये मुद्दाम तिघंचौघं घुसून पोहा. चेहऱ्यावर कोणाचा तरी पाय बसणार आहेच, तो पहिल्यांदा इथे बसलेला बरा.

वेटसूटवर पैसे घालू नका. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की तो घालायची परवानगी नसते, आणि गोव्याचा समुद्र त्याहून कोमट असतो. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावा, खाऱ्या पाण्याने सोलटतं.

चेन_उतरली
सायकलबद्दल मी सांगतो. सायकल न्यायचा बॉक्स भाड्याने मिळत असेल तर विकत घेऊ नका, वर्षभर पलंगाखाली पडून राहतो. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आमच्या एका मित्राने जोर लावू लावून आटेच घालवले आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री अनोळखी गावात मेकॅनिक शोधत फिरला.

पण खरा घोळ वेगळा आहे. वर्धा रोडवर आपण ग्रुपने जातो तेव्हा पुढच्याच्या चाकाला चिकटून वारा चुकवतो. तिथे याला ड्राफ्टिंग म्हणतात आणि पेनल्टी बसते. पुढच्या सायकलपासून १२ मीटर, म्हणजे अंदाजे सहा सायकली मावतील एवढं अंतर ठेवायचं. ओव्हरटेक करायचं तर २५ सेकंदांत. तुमच्या सहकाऱ्याचा ग्रुपमधला ३२ चा स्पीड मोजू नका. त्याला ९० किमी एकट्याला मारायला लावा आणि काय निघतं ते पाहा. कोणीतरी समृद्धी महामार्गाचं नाव काढेलच, तर तिथे सायकलला बंदी आहे.

इतवारी_एक्सप्रेस
रिले मी केली आहे, दुसऱ्या एका स्पर्धेत, आणि ती आम्ही उभ्या-उभ्या घालवली. रिलेत बॅटन नसतो, घोट्याला वेल्क्रोचा पट्टा असतो आणि त्यात वेळ मोजणारी टायमिंग चिप. पोहणारा येतो, पट्टा काढून सायकलवाल्याला देतो, मग तो पळणाऱ्याला. ऐकायला दोन सेकंदांचं काम. आमचा पोहणारा धावत आला तर मी ठरलेल्या जागी नव्हतो, टॉयलेटच्या रांगेत होतो. चूक माझीच. मी आलो तेव्हा त्याची ओली थरथरती बोटं वेल्क्रोवर, आणि वेल्क्रो सुटेना. पट्टा बांधून मी सायकल उचलली, हेल्मेटचा बक्कल न लावता. नियम असा की बक्कल लावल्याशिवाय सायकलला हातही लावायचा नाही. मार्शलने तिथेच थांबवलं. सगळं धरून चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं सायकलवर कमवायला किती घाम लागतो ते विचारू नका.

तेव्हा पट्टा बदलायचा सराव करा, ओल्या हातांनी. आणि तो डाव्या पायाला बांधा, चेन उजवीकडे असते.

मे_महिन्यातला_मी
पोहण्याचीच चर्चा चालू आहे. काकांकडे कोणी पाहून नाही राहिलं.

हिशेब करा ना. पोहणं सातला सुरू झालं असं धरा. तास पाण्यात, सव्वातीन तास सायकल. काका सव्वाअकराला पळायला लागणार आणि भर दुपारी २१ किमी पळणार. त्याआधी पहाटेपासून चार-पाच तास उभे, नाश्ता कधीचाच जिरलेला. रिलेत सगळ्यात वाईट वेळ पळणाऱ्याच्या वाट्याला येते.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरचा माणूस, ४५ डिग्रीत वाढलेला, त्याला गोव्याचं ३२ काय करणार? मीही हेच म्हणत गेलो होतो. बाराव्या किलोमीटरला चालायला लागलो. आपली गर्मी कोरडी, घाम आला की वाळतो आणि अंग गार होतं. आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. तोच कूलर गोव्यात लावून पाहा, खोलीत नुसता दमटपणा. तुमचं अंगही तिथे तसंच होतं. घाम गळतो, वाळत नाही, आतला ताप आतच.

पळणारा जो कोणी असेल त्याने निदान दोन आठवडे ऑगस्ट-सप्टेंबरच्या उघडिपीत दहा-अकरा वाजता हळूहळू पळावं. अंगाला सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि ६१ व्या वर्षी आधी हृदयाची तपासणी, हे सांगायला नको.

संत्राबर्फी४३
सगळ्यांचे आभार. कूलरचं वाचून मी काकांना फोन केला. विचारलं, तुम्हाला पोहता येतं का? म्हणाले, ‘अगं, माझं गाव वर्धा नदीकाठचं. डोहात आम्ही म्हशींच्या शेपट्या धरून पोहायला शिकलो.’ मग हे दोन महिने बोलले का नाहीत? ‘कोणी विचारलंच नाही.’

रविवारी त्यांना पूलमध्ये उतरवलं. डोकं पूर्ण वेळ पाण्याबाहेर, बेडकासारखे पाय, मधेच पाठीवर पडून हुश्श. भिंतीला एकदाही हात नाही. ७६ फेऱ्या, ६४ मिनिटं.

जुना_पोहणारा
कोणताही स्ट्रोक चालतो, पाठीवर पडलेलंही चालतं. डोकं वर असल्याने त्यांना बॉय सतत दिसेल. फक्त लाटांत तसं पोहून मान भरून येते, गोव्याला दोन दिवस आधी जाऊन लाइफगार्ड असतील तिथे एकदा पोहून बघा. ६४ म्हणजे हातात सहाच मिनिटं, थोडं कमी करा.

संत्राबर्फी४३
तीन आठवड्यांनंतरचा अपडेट. तपासणी झाली, डॉक्टर हो म्हणाले. काका ६४ वरून ६० मिनिटांवर आलेत. ‘पळणार’चा हट्ट सुटला, मात्र गोव्याला माशाचं जेवण माझ्याकडून, या अटीवर. लेग (कोणी कोणता टप्पा करायचा ते) बदलायला आयोजकांना मेल केला होता, झालं काम. पळायला आता मी, आणि कालच अकरा वाजता गोरेवाड्याकडे पळताना आमच्या मे महिन्यातल्या भाऊंची आठवण काढली (चांगल्या शब्दांत नाही).

चिपचा सराव जपानी गार्डनजवळ रोज सकाळी चालू आहे. काकांना पटकन खाली वाकवत नाही, त्यामुळे ते नुसता डावा पाय पुढे करतात आणि सहकारी खाली बसून पट्टा काढतो. १४ सेकंदांवरून ६ वर आलोय. फिरायला येणाऱ्या एका काकूंनी परवा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘हा पोरगा रोज त्यांच्या पाया काऊन पडून राहिला?’