निवडून आलेला डॉक्टर पुन्हा रानात का गेला?

मिठागर: भाची फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकते. तिच्याकडून हेसूस लावा हे नाव ऐकलं. हा पण डॉक्टर. जपान्यांशी लढणाऱ्या हुक सेनेत होता, 1946 ला बुलाकानमधून खासदार झाला, आणि पुढे थेट 1964 ला पकडला गेला म्हणे! निवडून आल्यावर कोणी रानात कशाला जाईल?

बोटवाला_रत्नागिरी: निवडून आला हो, पण बसू कुठे दिलं त्याला?

मी बावीस वर्षं बोटीवर काढली, निम्मे खलाशी फिलिपिनो. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, बुलाकानचाच. तिकडे कुळाला ‘कसामा’ म्हणतात, म्हणजे सोबती. नाव सोबती, आणि निम्मं भात जमीनदाराला. आपल्या कोकणातली अर्धेल म्हणा ना! ही कुळंच 1942 ला हुक झाली.

आता 1946. देश नुकता स्वतंत्र झालेला, मनिला बेचिराख. अमेरिका म्हणाली, आमच्या लोकांना तुमच्या खाणी, जंगलं, जमिनी तुमच्याइतक्याच हक्काने वापरू द्या. तोवर 500 डॉलरच्या वरची युद्धभरपाई नाही. त्यासाठी घटना बदलायची, म्हणजे तीन चतुर्थांश मतं हवीत. विरोध करणाऱ्या 3 सिनेटरांना आणि 8 खासदारांना ‘निवडणुकीत दहशत, गैरप्रकार’ म्हणून बाहेर ठेवलं. त्या आठांत लावा आणि हुकांचा सेनापती लुइस तारुक.

सिनेटचा हिशेब बघा. 24 जण धरले तर 18 मतं लागतात. तिघे वजा केले की 21 चे 16. आणि बाजूने पडली किती? बरोबर 16!

आंबेमोहोर: मग कोर्टात का नाही गेले?

बोटवाला_रत्नागिरी: गेले की. मार्च 1947 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा राजकीय प्रश्न, आम्ही हात घालणार नाही. त्याच महिन्यात सार्वमत घेऊन दुरुस्ती पक्की. 1948 ला हुकांवर बंदी. लावाचा थोरला भाऊ होसे वकील, हुकांमागच्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस. 1950 ला मनिलात पकडला गेला आणि पक्ष आला डॉक्टरच्या गळ्यात. त्याआधी सगळ्यात मोठा भाऊ विसेंतेही सरचिटणीस होता, तो केमिस्ट. एका घरातले तीन! घराणेशाहीचा आरोप तिथेही झालाच.

तो साधुसंत होता असं मी म्हणत नाही. हुकांनीही माणसं मारली, आणि 1950 नंतर लढाई हरलेलीच होती. तरी माणूस आणखी चौदा वर्षं लपत राहिला, हे मला काही पटत नाही.

मिठागर: बोसन काय म्हणायचा त्याच्याबद्दल?

बोटवाला_रत्नागिरी: फार नाही. केबिनमध्ये अरायात डोंगराचा, हुकांच्या जुन्या आसऱ्याचा, फोटो लावलेला, सपाट भातखाचरांत एकटाच उभा. एकदा त्यावर बोट ठेवून म्हणाला, आजोबा इथे रात्री भात पोचवायचे. कोणाला, ते मीही विचारलं नाही.