आपल्यासारखं न दिसणारं आपलं मूल (अनुभव धागा)

निळी_शाई
काल कपाट आवरताना लेकीची बालवाडीतली चित्रं हाती लागली. एकात आम्ही तिघं. माझा आणि तिच्या बाबाचा चेहरा नीट रंगवलेला, तिचा कोराच. तेव्हा विचारलं होतं तर म्हणाली होती, "माझा खडू डब्यात नाहीये." लेक कृष्णवर्णीय, आम्ही दोघं मराठी. आता ती कॉलेजात आहे, पण ते वाक्य आठवलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.
दुसऱ्या वंशाचं मूल दत्तक घेतलेले, स्वतः दत्तक असलेले, मावशी, काका, शिक्षक, सगळ्यांनी लिहा. माया लावली की झालं, असं लोक म्हणतात. माया तर हवीच. पण आरशात तिला जे दिसतं त्याबद्दल घरात बोलणारंही कुणी हवं ना?

चिमणघर
बाई गं, वाचून पोटात कालवलं. क्रेयोला या अमेरिकन खडू कंपनीच्या एका फिकट गुलाबी खडूचं नाव १९६२ पर्यंत 'फ्लेश' (म्हणजे अंगाचा रंग) होतं, नंतर ते 'पीच' केलं. त्वचेच्या २४ छटांचा वेगळा डबा यायला २०२० उजाडलं. मी वर्गात तोच ठेवते. मुलं हाताशेजारी खडू धरून जुळवत बसतात, एकेका खडूवरून भांडणं होतात 😄
वंशवृक्षाचा गृहपाठ मात्र मी बंद केलाय. "माझ्या घरातली माणसं" असं सांगते, ज्याला जी काढायची ती काढू देत.

दुपारची_झोप
केस!!! होम स्टडीत (दत्तक देण्याआधी घरी येऊन करतात ती चौकशी) पगार, घर, तब्येत, सासू-सासरे सगळं विचारून झालं, कुरळ्या केसांबद्दल एक अक्षर नाही. कोरडे असताना अजिबात विंचरायचे नाहीत. ओले करून भरपूर कंडिशनर, चार-पाच भाग पाडायचे, मोठ्या दातांचा कंगवा, आणि टोकाकडून मुळाकडे यायचं. वेळ जातो, जाऊ दे. रात्री सॅटिनचा अभ्रा.
मग लेकीला असेच केस करणाऱ्या एका पार्लरमध्ये नेलं. तिथे सगळ्याच तिच्यासारख्या. खुर्चीत बसून ती स्वतःकडे बघतच नव्हती, आरशातून शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या वेण्या बघत होती. घरी येईपर्यंत बडबड नुसती. तेव्हापासून तिथली ताई आमच्या घरचीच झालीये. ती मला देते तो धीर कुठल्याच पुस्तकात नाही.
उठली वाटतं, पळते.

अनामिका_७
नवऱ्याचं लिहिते. जन्म भारतातला, वाढला युरोपात गोऱ्या घरात. आईबाबा फार प्रेमळ, अजूनही रोज फोन असतो. "आम्हाला तुझा रंग दिसतच नाही" म्हणायचे. रस्त्यावर सगळ्यांना दिसायचा. शाळेत कुणी चिडवलं की घरी सांगून उपयोग नाही, कारण घरात तर तो विषयच नाही. विमानतळावर अधिकारी आधी त्याच्याकडे, मग आईकडे बघायचा.
आता चाळिशीत डॉक्टर विचारतात, घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार? त्या रकान्यात तो रेघ ओढतो. ती रेघ ओढताना त्याचा हात मी बघितलाय.
भारतातल्या नियमांप्रमाणे अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला मुळांच्या शोधासाठी स्वतः अर्ज करता येतो, रूट सर्च म्हणतात. केला. फाइलमध्ये जन्माच्या वेळचं वजन सापडलं. तेवढ्यानेही तो दिवसभर खुश होता.

पायवाट
🫂 त्यांना सांगा इथे कुणीतरी विचारपूस करतंय.

कडुनिंब
माझं मत जरा वेगळं. सारखं "तू वेगळी, तू वेगळी" केलं तर मूल आपल्याच घरात परकं नाही का होणार? मला मूल नाही, पण मनापासून विचारतोय.

शेवंती_का
दादा, प्रश्न रास्त आहे. याच कामात आयुष्य गेलंय म्हणून लिहिते. वेगळेपण मुलांना बाहेरून कळतंच, आपण गप्प बसलो की त्यांना वाटतं हे लाजिरवाणं आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडप्याचे १९४०च्या दशकातले बाहुल्यांचे प्रयोग बघा. कृष्णवर्णीय मुलांतल्या बऱ्याच जणांनी गोरी बाहुलीच चांगली म्हणून निवडली. घरच्यांनी शिकवलेलं नव्हतं ते.
१९७२ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या संघटनेने कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या घरांत दत्तक देण्याला कडाडून विरोध केला होता. मला तो पूर्ण पटत नाही, संस्थेत वाढण्यापेक्षा घर बरं. पण मूल आपली ओळख हरवून बसेल ही त्यांची भीती खरी होती. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार, परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३ चा हेग करार, दोन्हींत मुलाच्या वांशिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीचा विचार करा असं स्पष्ट आहे.
आणि अनामिका, कागद जपून वाचा गं. दक्षिण कोरियातून दोन लाखांच्या आसपास मुलं परदेशी दत्तक गेली. तिथल्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं की आईवडील असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ दाखवलं होतं. जन्मदात्रीने टाकलं असं मनात धरून वाढलेली ही माणसं. फार राग येतो मला याचा.

कडुनिंब
समजलं काकू. बाहुल्यांचं माहीत नव्हतं. शांतपणे वाचतो आता.

टेकडीवरून
दत्तकासाठी साधारण किती थांबावं लागतं? आम्ही नाव नोंदवायचं म्हणतोय.

चिमणघर
@टेकडीवरून वेगळा धागा काढा ना, भरपूर जण सांगतील. इथे हरवेल.

मोठी_आत्या
लोक पोरीच्या देखत विचारतात हो, "हिची खरी आई कुठे?" माझ्या भावाची लेक आता स्वतःच सांगते, "ही काय, तुमच्यासमोर पिशव्या घेऊन उभी आहे." 😂 आमच्या वहिनीने तिला उत्तर पढवलं नाही, फक्त एवढं सांगितलंय की आवडलं नाही तर उत्तर न देताही निघून येता येतं. जन्मदात्रीबद्दल ती आईशी मोकळेपणाने बोलते, वाढदिवसाला हटकून. वहिनी ऐकून घेते, कधी दोघी रडतात. बसमध्ये आहे, बाकीचं नंतर.

निळी_शाई
सगळ्यांचं वाचतेय, मशीन लावून सविस्तर लिहिते. अनामिका, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पायवाट
@दुपारची_झोप पोहायला नेताना केसांचं काय करता? पुतण्याचे पार राठ झालेत, वहिनी काळजीत आहे.

दुपारची_झोप
पाण्यात उतरायच्या आधी साध्या पाण्याने चिंब भिजवायचे, म्हणजे क्लोरीन कमी शोषलं जातं. वर कंडिशनर, मग टोपी. बाहेर आल्यावर लगेच धुवायचे, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. वहिनीला माझा नंबर देऊ का?