शब्दचर्चा : अल्पसंख्याक मतदारसंघ, ‘-बहुल’ आणि ‘समाजाचा आमदार’

कळवेकर : मुंब्रा-कळव्याच्या बातम्यांत ‘अल्पसंख्यांक मतदारसंघ’, ‘मुस्लिमबहुल’ आणि ‘अल्पसंख्याकबहुल’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने फिरतात. बरोबर कोणता? आणि जो समाज एखाद्या भागात निम्म्याहून जास्त आहे, त्याला तिथे अल्पसंख्याक कसं म्हणायचं?

नेरूळकर : आधी लेखन. ‘अल्पसंख्यांक’ चूक, कारण शब्दात ‘अंक’ नाहीच. ‘अल्पसंख्याक’ लिहा. राज्य सरकारच्या विभागाचं नावही ‘अल्पसंख्याक विकास विभाग’ असंच आहे. ‘अल्पसंख्यक’ हे हिंदी रूप.

आता ‘अल्पसंख्य’ आणि ‘अल्पसंख्याक’ यांत फरक ठेवला तर तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. अल्पसंख्य म्हणजे संख्येने थोडे, नुसतं वर्णन. अल्पसंख्याक हा कायद्यातला दर्जा आहे. केंद्राने १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी यांना तो दिला, २०१४ मध्ये जैनांना. तो वस्ती बदलली म्हणून बदलत नाही. मुंब्रा-कौशात मुस्लिम अल्पसंख्य नाहीत, पण अल्पसंख्याक आहेत. म्हणून ‘अल्पसंख्याकबहुल’ हा शब्द ऐकायला विचित्र वाटला तरी त्यात विसंगती नाही.

ऐरोलीकर : धर्मावरच थांबू नका. घटनेच्या ३०व्या कलमात ‘धर्म किंवा भाषा’ असे दोन्ही आधार आहेत. उल्हासनगरचे सिंधी बहुतांशी हिंदू, त्यामुळे वरच्या यादीत ते नाहीत. पण महाराष्ट्रात ते भाषिक अल्पसंख्याक ठरतात. तिथून निवडून आलेल्या सिंधी आमदाराला ‘वांशिक अल्पसंख्याक’ म्हणू नये. तो शब्द इंग्लंड-अमेरिकेच्या बातम्यांच्या भाषांतरातून आला आहे, तो तिथल्याच संदर्भात ठेवावा.

पाचपाखाडीकर : ‘बहुल’ म्हणजे विपुल. निम्म्याहून जास्त असा अर्थ त्यात नाही. त्यासाठी ‘बहुसंख्य’ आहे. प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रमातसुद्धा अल्पसंख्याकबहुल क्षेत्राचा निकष २५ टक्क्यांचा आहे. वाचक मात्र ‘बहुल’ वाचून पन्नासच्या पुढचा आकडा धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

दुसरं, हे टक्के येतात कुठून? मतदारयादीत वय, लिंग, पत्ता असतो. धर्म किंवा जात नसते. जनगणनेचे धर्मनिहाय आकडे तालुका आणि शहर या पातळीवर प्रसिद्ध होतात, विधानसभा मतदारसंघानुसार नाही. म्हणजे ‘इतके टक्के मतदार अमुक समाजाचे’ हे वाक्य बहुतेक वेळा यादीतली नावं वाचून केलेला अंदाज असतो. नावावरून आणि आडनावावरून चुका होतातच. त्यातून कुणी २०११ च्या लोकसंख्येचे टक्के तसेच मतदारांना लावतो. लोकसंख्येत मुलंही मोजलेली असतात, यादीत फक्त १८ वर्षांवरचे, तेही नोंदणी केलेले. तेव्हा आकड्यासोबत ‘लोकसंख्येत’ की ‘मतदारांत’ हे लिहायलाच हवं.

नेरूळकर : आणि खुद्द ‘मतदारसंघ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, याकडे कुणी बघत नाही. आज आपण तो शब्द भूभागासाठी वापरतो. १९०९ च्या कायद्यातल्या ‘विभक्त मतदारसंघा’त मात्र तो मतदारांचा गट होता : मुस्लिम उमेदवार, आणि मत देणारेही मुस्लिमच. १९३२ च्या पुणे कराराने दलितांसाठी जागा राखीव ठेवल्या, पण अंतिम टप्प्यातली निवडणूक संयुक्त मतदारांची. आजचे ‘राखीव मतदारसंघ’ या दुसऱ्या वाटेने आले. घटनेच्या ३२५व्या कलमामुळे यादी सगळ्यांची एकच.

ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी, शहापूर आणि भिवंडी ग्रामीण अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. बंधन उमेदवारावर आहे, मत सगळेच देतात. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी असं आरक्षण नाही, म्हणून ‘अल्पसंख्याक मतदारसंघ’ असा प्रकारच अस्तित्वात नाही.

ऐरोलीकर : जमातींच्या जागा त्यांचं प्रमाण सर्वांत जास्त तिथे ठेवतात, जातींच्या राज्यभर विखरून, तुलनेने जास्त प्रमाण असेल तिथे. त्यामुळे अंबरनाथ राखीव आहे यावरून ‘दलितबहुल’ लिहिणं चूक.

कळवेकर : आणि ‘समाजाचा आमदार’?

पाचपाखाडीकर : इथे ‘-चा’ दोन्हीकडे ओढतो : समाजात जन्मलेला, की समाजाच्या मतांवर आलेला? मुंब्रा-कळव्यातून जितेंद्र आव्हाड २००९ पासून चारदा निवडून आले. मुस्लिम मतदार मोठ्या संख्येने, आमदार त्या समाजाचे नाहीत. भिवंडी पूर्वेतून २०१९ आणि २०२४ मध्ये रईस शेख, तिथे दोन्ही अर्थ जुळतात. उलट बाजूचं उदाहरण ऋषी सुनक : २०१५ पासून यॉर्कशरच्या जवळजवळ पूर्ण गोऱ्या मतदारसंघाचे खासदार. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, तिथेही पारशी मतदारांच्या बळावर नव्हे. ‘मुस्लिम आमदार’ आणि ‘मुस्लिमबहुल मतदारसंघाचे आमदार’ असं वेगवेगळं लिहिलं की अर्थ सांडत नाही.

नेरूळकर : महापालिकेत ‘वॉर्ड’ आणि ‘प्रभाग’ही सारखे मानू नका. नवी मुंबईत २०१५ ला १११ एकसदस्यीय वॉर्ड होते. ठाण्यात २०१७ ला ३३ बहुसदस्यीय प्रभागांतून १३१ नगरसेवक. एका वॉर्डात निम्मी असलेली वस्ती तशाच चार वॉर्डांच्या प्रभागात गेली, आणि बाकी तिन्हींत तो समाज नसला, तर आठवा हिस्सा उरते. ‘वॉर्डात बहुल’ हे वर्णन प्रभागाला तसंच चिकटवलेलं दिसलं तर आधी हद्द तपासा.