सहा वर्षे वापरलेली मध्यम आकाराची डिझेल एसयूव्ही घ्यावी का?

प्रश्न

आमच्या घरात पाच माणसे आहेत. दोन्ही मुले अजून चाइल्ड सीटवर बसतात, आणि आईचे गुडघे दुखत असल्यामुळे सेडानमध्ये वाकून बसणे व तिथून उठणे तिला जड जाऊ लागले आहे. म्हणून वापरलेली मध्यम आकाराची एसयूव्ही घेण्याचे आम्ही ठरवले आहे. सध्या पाहण्यात असलेली गाडी सहा वर्षांची, एकाच मालकाकडची, ८२,००० किलोमीटर चाललेली, डिझेलवरची, ऑटोमॅटिक आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी आहे. आतून-बाहेरून ती स्वच्छ आहे आणि सर्व्हिसच्या नोंदीही बऱ्यापैकी पूर्ण आहेत. आमचा रोजचा वापर म्हणजे शाळा, कार्यालय आणि बाजार, एका वेळी जेमतेम चार-पाच किलोमीटर. लांबचा प्रवास वर्षातून दोन-तीनदाच होतो. चालवून पाहताना जे लक्षात येत नाही, पण घरी आणल्यावर सहा महिन्यांत समोर येते, ते अशी गाडी स्वतः वापरलेल्या कोणी सांगेल का?

पहिले उत्तर

जवळपास अशीच गाडी मी चार वर्षांपूर्वी घेतली. आपल्या आईंच्या दृष्टीने ही निवड योग्य आहे, कारण अशा गाडीत माणसाला खाली वाकावे लागत नाही, तो बाजूने सरकून बसतो. तरीही काही गाड्यांचा उंबरठा इतका उंच असतो की गुडघा वर उचलावाच लागतो, तेव्हा आईंना सोबत नेऊन दोन-तीनदा बसवून पाहावे. चाइल्ड सीटही न्याव्यात. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक बहुतेक गाड्यांत मागच्या आसनावर कडेच्या दोन जागांनाच असतात, आणि त्या दोन्ही भरल्यावर मध्ये किती जागा उरते हे कागदावरच्या ‘पाच आसनी’ या शब्दांवरून कळत नाही. आमच्या गाडीत चाइल्ड सीटच्या कडेखाली मधल्या पट्ट्याचे बकल दडले जात असे, आणि तो लावायला मला दर वेळी हात खाली घालून चाचपडावे लागे.

माझा खरा मनस्ताप टायरमुळे झाला. मागचे दोन टायर झिजले म्हणून तेवढेच दोन नवे बसवले, आणि त्यानंतर पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की खालून अडखळल्यासारखे धक्के जाणवू लागले. गिअरबॉक्स गेला असे मी मनाशी धरूनच चाललो होतो. प्रत्यक्षात नव्या टायरचा घेर झिजलेल्या टायरपेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरात पुढच्या आणि मागच्या चाकांचे फेरे सारखे होत नाहीत, आणि तो फरक दोन्हींना जोडणाऱ्या कपलिंगला सतत सोसावा लागतो. चारही टायर एकसारखे केले, कपलिंगचे तेल बदलले, आणि धक्के थांबले. आपण पाहत असलेल्या गाडीच्या चारही टायरचे माप, बनावट आणि खाचांची खोली जुळते का, हे आधी पाहावे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे त्याचे वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

दुसरे उत्तर

मला त्या गाडीपेक्षा आपल्या वापराची काळजी वाटते. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून तो साफ व्हावा यासाठी आतले तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते, आणि ते साधायला इंजिन तापलेले असून गाडी काही वेळ सलग धावत राहावी लागते. चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन धड तापतही नाही. अनेक गाड्यांत ही सफाई करण्यासाठी जास्तीचे डिझेल फवारले जाते. मध्येच गाडी बंद केली तर त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, एकदा सहज काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. ऑइल वाढले म्हणून मी आधी खूश झालो, हे कबूल करतो. पातळ झालेले ऑइल टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगला पुरेसे वंगण देत नाही, हे नंतर कळले.

तिसरे उत्तर

वरील मत पटते, पण म्हणून पेट्रोल इंजिन अगदी निर्दोष आहे असे नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून जात नसल्याने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचे थर चढतात. छोट्या फेऱ्या कोणत्याच इंजिनाला मानवत नाहीत. डिझेलला त्या जास्त बाधतात, इतकेच.

गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची नोंद आहे का, हेही विचारावे. ‘हे तेल आयुष्यभर चालते’ असे विक्रेते सांगतात, मात्र झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते, आणि ही गाडी नेमकी त्या टप्प्यावर आली आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडवणारा पट्टा) असल्यास तो किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जे आधी भरेल त्यानुसार बदलायचा असतो. गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवण्याची विनंती करावी आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर इंजिन थंड असताना सुरू होतानाचा आवाज आपल्याला ऐकू द्यायचा नव्हता असे मी समजेन.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. काल आईला आणि दोन्ही चाइल्ड सीट घेऊन गेलो. बॉनेट थंड होते, चारही टायर एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले होते, डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये होते. आई दोन्ही वेळा हात न धरता बसली. गिअरबॉक्सच्या तेलाची नोंद तेवढी सापडली नाही. बोलता बोलता मालकांनी सांगितले की ते रोज महामार्गावरून पंचवीस किलोमीटर जातात आणि तितकेच परत येतात. म्हणजे गाडी इतकी चांगली का राहिली हे कळले, आणि आमच्याकडे ती तशी का राहणार नाही हेही. ती सोडली. आता त्याच आकाराची, फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी पेट्रोल गाडी शोधत आहोत, आणि चाइल्ड सीट डिकीतच ठेवल्या आहेत.