मदत हवी आहे: कोर्टातली गोष्ट, पण आरडाओरडा नको

मंडळी, सध्या खटल्यांच्या गोष्टी बघायची गोडी लागली आहे. सुरुवात अणुभट्टीच्या स्फोटावरच्या ‘चेर्नोबिल’ या मालिकेपासून (2019) झाली. पाचच भाग, पण शेवटच्या भागात शास्त्रज्ञ लेगासोव्ह कोर्टात लाल-निळ्या पाट्या लावत अणुभट्टी कशी फुटली हे समजावतो, तो प्रसंग मला स्फोटापेक्षाही थरारक वाटला. उलाना खोम्युक हे पात्र काल्पनिक आहे, अनेक शास्त्रज्ञांचं मिळून केलेलं, हे नंतर समजलं. तरी ते खटकलं नाही.

मग ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (1957). जवळजवळ सगळा सिनेमा एकाच खोलीत, तरी कुठे कंटाळा नाही! दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट यांनी कॅमेरा हळूहळू खाली आणत नेला आणि लेन्स बदलत नेल्या, म्हणून खोली आवळत गेल्यासारखी वाटते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) मात्र सगळ्यात जास्त आवडला. वकील आणि न्यायाधीश कोर्टाबाहेर कसे जगतात हे तो शांतपणे दाखवतो. लांबलचक स्थिर दृश्यं काहींना संथ वाटतील, मला तीच त्याची ताकद वाटते.

आता पुढे काय बघू? टेबलावर मूठ आपटणारे वकील आणि शेवटच्या क्षणी धावत येणारा साक्षीदार नको. मालिका असेल तर कथा पूर्ण झालेली हवी, आठ-दहा भागांच्या आत. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स असली म्हणजे झालं. नावासोबत तुम्हाला त्यात काय आवडलं तेही लिहा, फक्त शेवट सांगू नका.