शब्दचर्चा: ‘डिफेक्ट’ला दोष म्हणावं की शिवण?

(बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावांवरून.)

परभणी: कॉन्फॉर्मल क्षेत्रसिद्धांतात (मोजपट्टी लहानमोठी केली तरी नियम तेच राहतात, अशा क्षेत्रांच्या सिद्धांतात) दोन सिद्धांत ज्या रेषेवर जोडले जातात त्या ‘डिफेक्ट’ला ‘दोषरेषा’ लिहिलं की वाचणारा बिघाड शोधायला लागतो. स्फटिकात अणू जागचा हलला तर तो दोष खराच. इथं मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंचे सिद्धांत धडधाकट असतात. आपल्याकडचा ‘धुरा’ चालेल का? दोन वावरांच्या मधला?

अंबाजोगाई: धुरा अर्धाच बसतो, सर. धुरा सरकवला की भांडण. यातल्या ‘टोपॉलॉजिकल’ म्हणवणाऱ्या रेषा मात्र हव्या तशा वाकवा, सरकवा, उत्तर तेच येतं. फक्त वाटेत एखादा ऑपरेटर (एका बिंदूवर बसवलेली राशी) आडवा येऊ नये. साध्या कॉन्फॉर्मल रेषेवर ऊर्जा-संवेग टेन्सरच्या (ऊर्जा आणि संवेग कसे वाहतात ते सांगणाऱ्या राशीच्या) डावीकडं आणि उजवीकडं जाणाऱ्या घटकांची वजाबाकी तेवढी दोन्हीकडं सारखी लागते. टोपॉलॉजिकल रेषेवर दोन्ही घटक स्वतंत्रपणे जुळतात, म्हणून ती सरकते.

मी ‘शिवण’ सुचवते. लुगड्याला दंड घालताना दोन वेगळी कापडं एका रेषेवर जोडतात, तसंच हे. शिवणीवर घडी घातली की दोन पदर एकावर एक येतात आणि शिवण काठ होते. गणितातली घडीची युक्ती हीच: रेषेवर घडी घाला, दोन्ही बाजूंच्या मध्यवर्ती भारांची (सिद्धांतात किती स्वातंत्र्य आहे ते मोजणाऱ्या आकड्यांची) बेरीज करा, प्रश्न सीमेचा होतो. आयझिंग म्हणजे चुंबकाचं साधं प्रतिमान, जागोजागी वर किंवा खाली बघणारे स्पिन; त्याच्या दोन पदरांचे १/२ + १/२ = १. ओशिकावा आणि ॲफ्लेक यांनी १९९७ च्या लेखात आयझिंगच्या रेषा अशाच सोडवल्या. घडी घालताना दुसऱ्या पदराचे डावे-उजवे घटक अदलाबदल करावे लागतात. ते राहिलं की वजाबाकीच्या अटीची बेरजेची अट होत नाही आणि पुढचं सगळं गणित चुकतं. रेषेतून काहीच पार जात नसेल तर तिला ‘उसवलेली शिवण’ म्हणता येईल, कारण तिथं दोन सुट्या सीमाच उरतात.

लातूर: टोपॉलॉजिकल रेषांना सरळ ‘सममिती’ का म्हणू नये?

नांदेड: नेहमीच्या अर्थानं सममितीला व्यस्त, म्हणजे केलेलं उलटवणारी क्रिया लागते, ताई, प्रत्येक रेषेला ती नसते. क्रिटिकल आयझिंगमध्ये (चुंबकत्व जिथं नाहीसं होतं नेमक्या त्या तापमानाला) तीन मूळ टोपॉलॉजिकल रेषा आहेत: काहीच न बदलणारी एकक, स्पिन उलटवणारी इटा आणि क्रॅमर्स-वानिये द्वैताची एन (जास्त आणि कमी तापमानाची अदलाबदल करणारं ते द्वैत १९४१ चं). रेषा एखाद्या क्षेत्राभोवती गुंडाळून आवळली की ते क्षेत्र एका आकड्यानं गुणलं जातं: एकक, एप्सिलॉन (ऊर्जेचं) आणि सिग्मा (स्पिनचं) या क्षेत्रांवर इटाचे आकडे १, १, −१; एनचे √२, −√२, ०. सिग्मावर शून्य आलं, शून्यानं गुणलेलं परत मिळत नाही, तिथंच व्यस्त संपला. एन दोनदा लावली तर २, २, ०, म्हणजे एकक अधिक इटा. तिन्ही आकडे ताडून बघा.

‘वर्गात दोन येतात’ म्हणून काहीजण एनला √२ नं भागतात. भागू नका. एन काळाच्या दिशेनं उभी केली की अवस्थांची संख्या पूर्णांकच यायला हवी. न भागता चार प्राथमिक (बाकीच्या ज्यांच्यापासून बनतात अशा) अवस्था प्रत्येकी एकदा येतात, त्यांचे स्पिन (इथं चुंबकाचे नव्हेत, अवस्थेच्या फिरण्याचं माप) ±१/१६ आणि ±७/१६. भागलं तर प्रत्येकीची संख्या १/√२ होते, आणि अशी अवस्था मोजायची कशी?

परभणी: पटलं. मग दोन शिवणी जवळ आणून एक करणं, त्याला ‘मीलन’?

अंबाजोगाई: सरकत्या, म्हणजे टोपॉलॉजिकल शिवणींना चालेल, तिथं अंतराचा प्रश्नच येत नाही. बाकीच्या शिवणींत मात्र अंतर कमी केलं की मधली ऊर्जा अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. तो भाग आधी वजा करावा लागतो. तिथं ‘मीलन’ लिहिताना ही वजाबाकी त्याच वाक्यात सांगा. आणि ‘धुरा’ सोडू नका, सर. न सरकणाऱ्या शिवणीला तो नेमका बसतो.