हायवेला लागताना आधी कोणी जायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नेरूळला राहते, लायसन्स मिळून तीनच महिने झालेत, रोज वाशीला जाताना सर्व्हिस रोडवरून सायन-पनवेल हायवेला लागायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. डावीकडून आत शिरायचं, मागून डंपर आणि एसटी ८० च्या स्पीडने, मी इंडिकेटर देऊन थांबले की मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही!

नियम मला एवढा माहितेय की मेन रोडवरच्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, १९८९ च्या नियमावलीतही तेच होतं. पण आमचे हे म्हणतात तू थांबतेस तीच चूक आहे, आधीच स्पीड वाढवून हायवेच्या ट्रॅफिकसोबत घ्यायचा आणि गॅप दिसला की सरकायचं. पटतं, पण गॅप दिसलाच नाही तर? आणि जागाच जेमतेम चार गाड्यांची असेल तर स्पीड वाढवणार कुठे?

आणि इथे मागच्याने डिपर मारला (हेडलाइट चमकवला) म्हणजे 'तू ये' की 'मी येतोय, बाजूला हो'? परवा मी पहिलं समजले, निघालं दुसरं. थोडक्यात वाचले.

रोज जाणाऱ्यांनी सांगा ना, तुम्ही नक्की काय बघून गाडी आत घालता?